गाडीतला वाढपी

माझी बायको अहेवपणी गेली. बाया म्हणाल्या, भाग्याची, कुंकवासकट गेली. असेल भाग्य. मागं उरलेल्याच्या भाग्याचं कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही.

दवाखान्यात शेवटी ती फार बोलत नव्हती. एका दुपारी सुई टोचलेल्या हातानं जवळ बोलावलं आणि म्हणाली, "माझ्या नवमीला धाकलीला बसवा."

धाकली म्हणजे तिची पाठची बहीण, माझी मेव्हणी. कोहिनूर हे गाव दोघींचं माहेर. धाकलीला तिथंच मामाच्या घरी दिली, म्हणून ती जन्मभर माहेरातच राहिली. नवमी म्हणजे पितृपक्षातली अहेव नवमी. नवऱ्याच्या आधी मेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात, ओटी भरतात, साडी देतात. ही नवमी नवरा जिवंत आहे तोवरच करायची. तो गेला की त्या बाईचं वेगळं पान बंद, मग ती बाकीच्या पितरांत. म्हणजे हे पान माझं एकट्याचं काम. पोरगा पुढं श्राद्ध घालील, पण हे पान त्याला वाढता येणार नाही.

मी म्हटलं, "काय बोलायलीस असलं. बरी व्हशील."

"झाले बरी तर झाले. न्हाई झाले तर सांगून ठेवायलेय. आणि तिला बसनं नका बोलवू. आपली गाडी घेऊन जावा. मी मेल्यावर तरी माझ्या माहेरला वेळेवर पोचा."

ती हसली. मला हसू आलं नाही. श्रावणात ती गेली. वर्षश्राद्ध झाल्याशिवाय नवमी करत नाहीत, म्हणून तिची पहिली नवमी पुढल्या भादव्यात.

आता गाडीचं सांगतो. गाडी माझ्याहून वयानं मोठी. इंग्रजांच्या मुलखातून जहाजानं आलेली, आधी हैदराबादला एका जहागीरदाराकडं होती, तिथून आमच्या तालुक्याच्या गावच्या, कल्याणच्या, एका आडत्याकडं आली. मी त्या आडत्याचा ड्रायव्हर. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी मराठी आणि अर्धी कन्नड, त्यामुळं कुठलीच पुरी झाली नाही. पण गाडी कळायची. पुढं आडत्याच्या पोरांनी नवी मोटार घेतली आणि मला म्हणाले, ही घेऊन जा, जागा अडायलीय. मी माझ्या गावी, मंठाळला, आणून गोठ्यात लावली. बैल विकले होते, गोठा मोकळाच होता.

बायकोला कोहिनूरला न्यायचं ते याच गाडीनं. पंचमीला, दिवाळीला. लांबून आवाज आला की धाकली वेशीपर्यंत पळत यायची आणि दाराला लटकून घरापर्यंत यायची. लगीन होऊन दोन लेकरं झाली तरी लटकायची.

गाडी सुरू कशी होते ते थोडं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. बॅटरीचा करंट कॉइलमध्ये जाऊन मोठा होतो आणि एका डब्यात येतो. त्याला डिस्ट्रिब्यूटर म्हणतात. आत दोन बारीक चकत्या एकमेकीला टेकतात आणि सुटतात, ते पाइंट. सुटले की ठिणगी तयार. वर एक छोटा रोटर फिरत असतो, तो चार प्लगना पाळीपाळीनं ठिणगी देतो. सगळ्यावर टोपी घातलेली, टोपीतून वायरी निघतात.

मी हे बायकोला एकदा असंच सांगितलं होतं. ती म्हणाली, "म्हणजे पंगतीतला वाढपी की हो. फिरत फिरत चौघांच्या पानात वाढायचं. एकाचं पान चुकलं की पंगत रुसली."

तेव्हापासून आमच्या घरात रोटरला वाढपीच म्हणायचे.

या जुन्या पाइंटचं एक आहे, ते एकट्या माणसाचं काम नाही. दोन चकत्यांत किती फट पडते ते मोजावं लागतं. दाढीची तीन पाती एकावर एक ठेवली की जेवढी जाडी होते तेवढी फट पाहिजे. ती बघायला एकानं गाडीच्या तोंडाशी बसून इंजिन फिरवायचं लोखंडी हँडल हळूहळू फिरवायचं आणि दुसऱ्यानं डब्यात डोळा घालून बसायचं. पाइंट पुरते उघडले की बस म्हणायचं. हँडल बायको फिरवायची. पदर खोचून खाली बसायची, दोन्ही हातांनी धरायची आणि जात्याचा खुंटा फिरवावा तसं सावकाश फिरवायची. मी बस म्हटलं की तिथंच थांबायची, केसभर पुढं नाही. मग खालूनच विचारायची, "वाढलं का वाढप्यानं?"

मी म्हणायचो, वाढलं. मग मी स्क्रू आवळायचो.

ती गेली आणि दीड-दोन महिन्यांनी दसरा आला. आमच्यात घरात मयत झालं की वर्षभर सण करत नाहीत. पण खंडेनवमीला हत्यारं, अवजारं, गाड्या पूजतात, आणि आमच्या गाडीची पूजा आजवर कधी चुकली नव्हती. पूजा तीच करायची. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं, हँडलला फूल, चाकाखाली लिंबू. त्या दिवशी मला गोठ्यात गाडी नुसती उभी बघवेना. दार लोटून घेतलं आणि वाटीत पाणी घालून कुंकू कालवलं. बॉनेटला लावलं. हँडलला लावलं. मग वाटलं, सगळ्यांना लावलं आणि वाढपी राहिला. टोपी काढली आणि रोटरला लावलं, पाइंटला लावलं, टोपीच्या आतूनही बोटं उठवली. चांगलं ठसठशीत. टोपी परत बसवली, उदबत्ती ओवाळली आणि दार उघडून बाहेर आलो.

सगळी कर्तबगारी माझीच. इतकी वर्षं मोटारीच्या डब्यात पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून जपणाऱ्या माणसानं आपल्या हातानं ओलं कुंकू आत घातलं. तेव्हा डोक्यात हे आलंच नाही.

संक्रांत झाल्यावर एक दिवस हँडल मारलं. डब्यातून चरचर आवाज आला, जळका वास आला आणि गाडी मेली. टोपी काढून बघतो तर कुंकवाच्या बोटांवरून ठिणगी वाट चुकून पळालेली, काळ्या रेघा उमटलेल्या आणि टोपीला मधोमध तडा गेलेला. रोटरचं टोक जळालेलं. पाइंटवर हिरवा गंज.

शेजारच्या म्हाताऱ्यानं भिंतीवरून डोकावून बघितलं. "सुतकात पूजा केलास. देव कोपला."

"देव कशाला कोपतो रे. कुंकवात चुना असतोय, ते कोपलं."

"तेच म्हणायलोय मी."

तिथून शोध सुरू झाला. पाइंट आणि त्यांच्या जोडीचा कंडेन्सर मिळाले, ते अजूनही एका जातीच्या पंपाच्या इंजिनाला बसतात. अडलं टोपी आणि रोटरवर. आधी हुमनाबादला गेलो. तिथला मेकॅनिक पोरगेला, पण हात चांगला. टोपी हातात फिरवून म्हणाला, "काका, ह्याच्या मागं कामून लागलाव? हे सगळं काढून टाकू. व्हॅनचा डिस्ट्रिब्यूटर बसवतो, इलेक्ट्रॉनिक. पाइंटच न्हाईत त्याच्यात, फट बघायची भानगड न्हाई. किल्ली मारली की चालू."

"किल्ली न्हाई त्याला, हँडल हाय."

"मग स्टार्टर बी बसवू. बारा व्होल्टची बॅटरी टाकू, वायरिंग बदलू. मग राहिलं काय?"

"तेच मी इचारायलोय. मग राहिलं काय?"

तो हसला. मी टोपी पिशवीत घातली. तो चुकीचं बोलत नव्हता. कोहिनूरला जायचं एवढंच असतं तर त्याचं ऐकून पंधरवड्यात गेलो असतो. पण दोन वर्षांमागं डॉक्टरनं माझे उरलेले दात काढून कवळी बसवली. भाकर चावते. पण जेवताना आवाज कुणा दुसऱ्याचा येतो. गाडीला कवळी नको वाटली. आणि लांबून ऐकून धाकलीला कळलं पाहिजे होतं की आपलीच गाडी आली.

पोरगा पुण्याला असतो. फोनवर म्हणाला, "अप्पा, सध्या तिकडं एकटे आहात, त्रास कशाला? मावशीला आणायला मी कार करतो. दारात येईल, दारात सोडेल."

"तुझी आई काय म्हणाली ते तुला म्हाईत हाय."

"आई असती तर तीच म्हणाली असती, कार करा."

"असती तर नवमी कशाला असती?"

पोरानं फोन ठेवला. मला असं बोलायचं नव्हतं, पण तोंड माझंच आहे. दोन दिवसांनी त्याच्याकडून खोक्यात एक टोपी आली, मोबाइलवरून मागवलेली. काळी कुळकुळीत. आमची टोपी तपकिरी, जुन्या रेडिओच्या पेटीसारखी, आणि वायरी बाजूनं निघतात. हिच्या वायरी डोक्यावरून उभ्या, शेंडी ठेवल्यासारख्या. खालचे चिमटे बसेनात. परत पाठवायला सांगितली.

गुलबर्ग्याला गेलो. नावं बदलली तरी आम्ही कलबुर्गीला गुलबर्गाच म्हणतो. जुन्या स्पेअरपार्टचं दुकान, मालक पंख्याखाली. टोपी बघितली न बघितली तोच कन्नडात म्हणाला, "सिगंगिल्ल री, अज्जा." मिळायचं नाही. मी म्हटलं, आत तरी बघा. तो म्हणाला, आत मीच बसतो ना, मला माहीत आहे.

मग बिदर. भंगारवाल्यांच्या गल्लीत एक म्हातारा मियाँ, दाढी मेंदीनं रंगवलेली, समोर मोटारींच्या हाडांचा ढीग. त्यानं टोपी उन्हात धरली आणि तड्यावरून नख फिरवलं. "अंदर लाल क्या है, चाचा?"

"कुंकू."

"कुंकू?" त्यानं माझ्याकडं बघितलं. "गाडी कू सुहागन बनाए क्या?"

मी टोपी परत घ्यायला हात पुढं केला. त्याला काहीतरी समजलं असावं. स्टूल पुढं सरकवून त्यानं चहा सांगितला. चहा पिताना म्हणाला, "ये नक्को ढूंडो. मिले तो फूटीच मिलती. तुमे किधर के?"

"मंठाळ."

"हौला, पागल! बगल में मुडबी है. वहां नीम के नीचे ऐसीच गाडी खडी है. मुर्गियां रैतीं उस में."

म्हणजे दोन जिल्ह्यांचं भंगार हुंगून आलो आणि गाडी शेजारच्या गावात.

पोळा झाला होता. मुडबीला गेलो. लिंबाखाली पत्र्याच्या चार तुकड्यांचं छप्पर आणि खाली तीच गाडी, रंग उडालेला, चाकं जमिनीत बसलेली. दारात एक बाई उडदाच्या शेंगा बडवत होती. माझ्याच वयाची, कपाळ मोकळं. मी रामराम केला आणि काय पाहिजे ते सांगितलं. नवमीचंही सांगितलं, लपवून काय करणार.

तिनं बडवणं थांबवलं नाही. "विहिरीचे ठेके घ्यायचे आमचे मालक. त्येंची गाडी ती. गेले तवापासून तिथंच हाय. भंगारवाले किती येऊन गेले."

"मी भंगारवाला न्हाई, अक्का."

"ते बघायलेय मी. भंगारवाला इतकं बोलत न्हाई." मग काठी बाजूला ठेवून म्हणाली, "म्हंजी तुमच्या बायकोसाठी माझ्या नवऱ्याची गाडी उघडायची, व्हय?"

मी म्हटलं, "व्हय."

ती उठली. गाडीजवळ जाऊन तिनं बॉनेटची एक बाजू बोटभर उचलली आणि मला बघ म्हणाली. आत इंजिनाच्या बाजूला भुसकाट घालून केलेलं घरटं, त्यात लाल कोंबडी अंड्यांवर फुगून बसलेली. तिच्या शेपटीमागं अंधारात तपकिरी टोपी दिसत होती. वायरींसकट, अखंड.

"हात लावू देणार न्हाई आता," बाई म्हणाली. "हलवली तर अंडी टाकून देती. आठवडा झालाय बसून. पिलं निघू द्या, मग बघू."

"देणार न्हाई म्हणा की सरळ."

"न्हाई म्हणायचं आसतं तर न्हाई म्हणाले आसते. मला कुणाची भीड हाय?"

नवमी तोंडावर येत होती आणि मी एका कोंबडीची वाट बघत बसलो होतो. घरी पाइंट बसवले, प्लग घासले, वायरी पुसल्या. रात्री भाकरी मी दोनच करतो, एक रात्रीची, एक सकाळची. गोल येत नाहीत. गणपती आले आणि गेले. शेजारचा म्हातारा भिंतीवरून विचारायचा, "निघाली का पिलं?" सगळ्या गावाला कळलं होतं. देवळाच्या पारावरून जाताना कुणीतरी म्हणालं, "काका कोंबडीचं बाळंतपण करायलाय." म्हणू दे.

पौर्णिमा झाल्यावर परत गेलो. अंगणात लाल कोंबडी फिरत होती, मागं पिलांची रांग. बाई म्हणाली, "दोन अंडी वाया गेली. या, उघडा. पण मी उभी ऱ्हाणार."

तिनं स्वतः भुसकाट काढलं. मी चिमटे सोडले, टोपी उचलली. आत कोरडं ठणठणीत. कोंबडीच्या उबेनं असेल नाही तर नशीब. रोटर नवा असल्यासारखा. मी टोपी तिच्या हातात दिली, कारण एकदम पिशवीत घालायला मन झालं नाही. तिनं पदरानं पुसली, आतून, बाहेरून, वायरी घालायच्या भोकांत पदराचं टोक पिळून घातलं.

"हे हितं हाय हे मला म्हाईतच नव्हतं," ती म्हणाली. "मी आपली गाडी गाडी म्हणून संभाळायलेय."

पैशाचं विचारलं तर तिनं ऐकलंच नाही. म्हणाली, "चालू झाली की एकदा हितं आणा. मला ऐकायचीय."

घरी येऊन टोपी आणि वाढपी बसवायच्या आधी पाइंटची फट बघायला घेतली. दाढीची तीन पाती चिमटीत धरली, डब्यात डोळा घातला आणि हँडल फिरायची वाट बघत राहिलो. थोडा वेळ. मग ध्यानात आलं.

आतापर्यंत टोपीच्या मागं पळत होतो. ती मिळाली की झालं, असं वाटत होतं. हुमनाबादचा पोरगा म्हणाला होता, नव्यात फट बघायची भानगड नाही. ती भानगडच मला पाहिजे होती की काय, कुणास ठाऊक. पण तिला दुसरं माणूस लागतं.

शेजारच्याला हाक मारली. तो आला, उत्साहानं आला. पण त्यानं जन्मभर विहिरीवर रहाट ओढलेला. हँडल धरलं की एका दमात गरकन फिरवायचा. "हळू, हळू." "हळूच फिरवायलोय की." शेवटी म्हणाला, "अशी कशी गाडी रे, दुखणाईत बाईवाणी? मोटारसायकल घे एक." आणि गेला.

मग एकट्यानंच सुरू केलं. प्लग काढले म्हणजे इंजिन हलकं फिरतं. पुढं बसायचं, हँडल किंचित फिरवायचं, गुडघ्यावर हात देऊन उठायचं, बाजूला जाऊन डब्यात बघायचं. अजून नाही. परत पुढं. बस, फिरव, ऊठ, बघ. आता पुढं गेलं. म्हणजे सगळा फेरा परत. ऊन अंगणातून गोठ्यात शिरलं. एकदा डब्यात बघताना पाइंट अगदी पुरते उघडलेले दिसले आणि माझ्या तोंडून मोठ्यानं निघालं, "बस."

हँडलला कुणी नव्हतं. तसंच वाकून उभा राहिलो. पाइंट उघडे ते उघडेच. आपणच फिरवलेलं, आपणच थांबवलेलं. पाती फटीत घातली, स्क्रू आवळला. पुढून कुणी काही विचारलं नाही, म्हणून काही बोललो नाही.

टोपी घातली. प्लग घातले. हँडल मारलं. दोनदा नुसती खोकली. तिसऱ्यांदा धरली. गोठा धुरानं भरला आणि तो आवाज आला, खडखडखड, मधूनच एक उचकी. रस्त्यावरची दोन माणसं उभी राहिली. मी चटकन बंद केली. का ते सांगता येत नाही. संपून जाईल असं वाटलं.

नवमीला पोरगा आणि सून आदल्या दिवशी आले. सुनेनं सकाळीच स्वयंपाक लावला, वडे, खीर, आळूची भाजी, जे तिच्या सासूला आवडायचं ते. पोरगा म्हणाला, "अप्पा, मी येऊ का सोबत?" मी नको म्हटलं. शेजारची जागा मोकळी न्यायची होती.

कोहिनूरची वेस आली. कुणी पळत आलं नाही. मी गाडी हळू केली, हॉर्न दिला. धाकलीच्या दारापर्यंत गेलो तर आत टीव्ही मोठ्यानं लावलेला. ती बाहेर आली, गुडघे धरून एक एक पायरी उतरत. नवी साडी, हातात पिशवी. इतके महिने त्या आवाजासाठी फिरलो आणि ज्या कानांसाठी फिरलो ते आता मंद झाले होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही किती दिवसांत तिची विचारपूस केली नव्हती.

"दाजी, बसनं आले आसते की मी. कशाला तरास?"

"तुझ्या अक्कानं सांगितलं होतं."

"तिला काय, सांगायला येतंय." ती दार उघडून सरळ पुढच्या जागेवर बसली. मला वाटलं होतं मागं बसेल, थोडं थांबेल, काही म्हणेल. ती बूड टेकवून पिशवी मांडीवर घेऊन म्हणाली, "कोंबडीचा वास यायलाय गाडीत."

"कोंबडीचं उसनं घेतलंय थोडं."

"आं?"

"काही न्हाई."

मी उतरून हँडल मारायला पुढं गेलो. खाली बसलो, हँडल धरलं, आणि ती खिडकीतून डोकं काढून ओरडली, "दाजी, वाढलं का वाढप्यानं?"

मी हँडल सोडून दिलं. मला वाटत होतं ते वाक्य आमच्या गोठ्यातलं आहे, दोघांचं. बायको माहेरी येऊन सांगत होती तर. इथं ओसरीवर बसून हसली असेल, माझी नक्कल केली असेल. सगळ्या कोहिनूरला ठाऊक असेल. मला आधी राग आला. मग राग गेला आणि मी बॉनेटच्या आडोशाला हँडल परत धरलं.

"काय झालं, दाजी? लागंना व्हय?"

"लागती की."

लागली. वाटेत धाकली गुडघ्यांचं बोलली, सुनेचं बोलली, सोयाबीनचं बोलली. एकदा रडली, मग परत सोयाबीनचं बोलली. मंठाळला पान वाढलं, तिला पाटावर बसवलं, सुनेनं ओटी भरली. हिरवी साडी. धाकली पोटभर जेवली, खीर परत मागून घेतली. बायको घ्यायची तशीच. ते बघून मला बरं वाटलं. त्या दिवसात तेवढंच बरं वाटलं.

पोरगा आणि सून जेवून लगेच पुण्याला निघाले, दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. मी सुनेकडून एक डबा भरून घेतला होता. धाकलीला कोहिनूरला सोडलं आणि येताना मुडबीला वळलो. ऊन उतरायला आलं होतं.

बाई दारातच होती. गाडी लिंबापुढं उभी केली, त्या गाडीच्या तोंडासमोर. इंजिन चालूच ठेवलं. तिला म्हटलं, "ऐका."

ती जवळ आली. बॉनेटवर हात ठेवला. बराच वेळ ऐकलं. मग मान हलवली.

"आमच्या गाडीचा आवाज आसा नव्हता."

मी म्हटलं, "टोपी तीच हाय. वाढपी तोच हाय."

"आसंल. पण आसा नव्हता." आणि मग, "ठीक हाय. तुमचा तर बराबर हाय न्हवं?"

"व्हय."

"मग झालं."

मी इंजिन बंद केलं आणि डबा पुढं केला. ती मागं सरकली. "नवमीचा हाय न्हवं? सवाष्णीचं जेवण. मला चालत न्हाई."

"माझी बी बायको मेलीय, अक्का. मला कुणी पानावरून उठवलं न्हाई."

"तुम्ही बाप्ये." तिनं हे रागानं म्हटलं नाही, पाऊस पडतो म्हणावं तसं म्हटलं. डबा घेतला मात्र. उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि उंबऱ्याच्या आत ठेवला. खाल्ला की नाही, मला माहीत नाही.

निघायला म्हणून मी हँडल घ्यायला वाकलो तर बाई म्हणाली, "थांबा." लाल कोंबडी पिलं घेऊन माझ्या गाडीखाली शिरली होती. इंजिन तापलेलं, खाली ऊब असेल. पिलं तिच्या पंखांखाली एकेक करून घुसत होती. एक बाहेर राहिलं होतं, ते चाकाला चोच मारत होतं.

"आता उठवू नका," ती म्हणाली. "उठतील आपोआप."

मी हँडल टेकवून ठेवलं आणि लिंबाच्या बुंध्याशी बसलो. ती दारात बसली. घाई नव्हती, मंठाळच्या घरी चूल विझलेली होती आणि सकाळपर्यंत कुणी दार वाजवणार नव्हतं.